मुंबई ते दिल्ली अंतर ११३७ किलोमीटर, मग विमानाला सव्वादोन तास कशाला?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुंबई आणि दिल्ली विमानतळांमधलं अंतर नक्की किती? एका ठिकाणी ११३७ किलोमीटर दिसतं, दुसरीकडे ११६५, तिसरीकडे थेट १४०० च्या घरात. विमान तासाला ८०० किलोमीटरच्या वर जातं, मग तिकिटावर सव्वादोन तास का? परतीच्या तिकिटावर आणखी दहा मिनिटं जास्त का? आणि जूनमध्ये दिल्लीहून पुढे लेहचं विमान धरायचंय, मध्ये दीड तास ठेवलाय, तिकिटं वेगवेगळी काढायची आहेत, तर चालेल का?

माझी नोकरी डिस्पॅचची होती. विमान निघण्याआधी मार्ग, वारा, इंधन, पर्यायी विमानतळ हे सगळं बसवून कॅप्टनच्या हातात कागद द्यायचा, हे काम. त्यामुळे या मार्गाचे आकडे तोंडपाठ आहेत. पण सगळ्यात आधी लेहचं सांगतो, कारण तिथे पैसे बुडतील: दीड तास अजिबात पुरणार नाही. का ते ओघात येईलच.

आता अंतर. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ ते दिल्लीचा इंदिरा गांधी विमानतळ हे पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेलं सगळ्यात कमी अंतर सुमारे ११३७ किलोमीटर, आमच्या भाषेत ६१४ नॉटिकल मैल. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि पुढे नुसतं मैल म्हटलं तरी नॉटिकल मैलच समजा. ११६५ चा आकडा देणारे लोक विमानतळ सोडून शहरांचे मध्य धरतात. गेटवे ऑफ इंडियापासून कॅनॉट प्लेसपर्यंत मोजा, साधारण तेवढंच भरेल. आणि १४०० हा जमिनीवरचा आकडा आहे. राजधानी एक्स्प्रेस मुंबई सेंट्रलहून वडोदरा, रतलाम, कोटा करत नवी दिल्लीला जाते ते जवळपास १३८५ किलोमीटर. रस्त्यानेही चौदाशेच्या आसपासच पडतं. म्हणजे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त कोण काय मोजतंय ते लिहायचं राहून गेलेलं असतं.

नकाशावर मुंबई आणि दिल्ली विमानतळांमध्ये सरळ दोरी धरली तर ती आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या आसपासून जाते, बरोबर मध्यावर मंदसौरजवळून जाते आणि पुढे राजस्थानात दौसाजवळून दिल्ली गाठते. उत्तरेपासून पूर्वेकडे साधारण २२ अंश झुकलेली ही रेघ आहे. हे २२ अंश लक्षात ठेवा, वाऱ्याच्या हिशोबात लागतील.

नवी मुंबईचं विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात प्रवाशांसाठी सुरू झालं, तेव्हा काहींना वाटलं की आता दिल्लीचं अंतर बदललं. उलव्यापासून मोजलं तर ११४० च्या आसपास येतं. दोन-तीन किलोमीटरचा फरक, विमानाला दहा-पंधरा सेकंदांचा. तुमच्या घरापासून विमानतळापर्यंतच्या टॅक्सीत मात्र तासाभराचा फरक पडू शकतो, तेव्हा तिकीट काढताना विमानतळाचा कोड नीट बघा.

आता वेळ. या मार्गावर बहुतेक एअरबस ए-३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमानं असतात. ३५ हजार फुटांवर ती ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्के वेगाने जातात, म्हणजे ४५० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल), तासाला साधारण ८३० किलोमीटर. ६१४ ला ४५० ने भागा. एक तास बावीस मिनिटं. प्रश्न विचारणाऱ्याच्या डोक्यात हाच आकडा आहे आणि गणित चुकीचं नाही. पण ४५० नॉट हा वेग विमानाला सगळ्या प्रवासात मिळत नाही.

३५ हजार फूट गाठायला वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि चढताना वेग कमी असतो. उतरताना तर अंतरच ठरलेलं आहे: हजार फुटांना तीन मैल हा पायलटांचा जुना ठोकताळा, म्हणजे ३५ हजारांवरून उतरायला १०५ मैल आधी सुरुवात करायची. दहा हजार फुटांच्या खाली आलं की वेग २५० नॉटवर आणायचा, पुढे कंट्रोलर सांगेल तसा १८०, १६०, आणि धावपट्टीच्या तोंडाशी १३५-१४०. म्हणजे ६१४ मैलांपैकी पूर्ण वेगाचे मैल उरतात जेमतेम ३७०. या चढ-उताराचे दहा-बारा मिनिटं बावीसमध्ये मिळवा.

शिवाय विमान त्या दोरीवरून उडत नाही. मुंबईत बहुतेक वेळा धावपट्टी २७ वापरात असते, म्हणजे उड्डाण पश्चिमेकडे, विलेपार्ले-जुहूवरून समुद्रात, आणि मग उजवीकडे वळून उत्तर. दिल्लीला निघालेल्या विमानाची पहिली काही मिनिटं अरबी समुद्रावर जातात ती यासाठी. दिल्लीच्या टोकालाही तेच. तिथे पश्चिमेचा वारा असेल, आणि वर्षातला बराच काळ असतो, तर उतरणंही पश्चिमेकडे तोंड करून. तुम्ही येताय नैऋत्येकडून. म्हणजे विमानतळ डावीकडे ठेवून पुढे जायचं, फरिदाबाद-नोएडाच्या अंगाला वळसा घ्यायचा आणि वसंतकुंजवरून मागे यायचं. डावीकडच्या खिडकीत बसलेल्यांना विमानतळ खाली दिसतं, "आलं की!" म्हणून लोक मोबाइल चालू करायला लागतात, आणि त्यानंतर चाकं टेकायला आणखी दहा-बारा मिनिटं असतात. वारा पूर्वेचा असला की हेच विमान गुरुग्राम-द्वारकेच्या बाजूने सरळ आत शिरतं. निव्वळ एवढ्यावर सहा-सात मिनिटांचा फरक.

मधल्या मार्गातही काही वळणं हवाई दलाच्या राखीव क्षेत्रांमुळे येतात. मे २०२० मध्ये केंद्र सरकारनेच सांगितलं होतं की देशाच्या हवाई क्षेत्रापैकी ६० टक्केच मोकळेपणाने वापरता येतं. तेव्हापासून परिस्थिती सुधारली, लष्कराला नको असेल त्या वेळी तो भाग नागरी विमानांना मिळतो, कंट्रोलर रात्री-पहाटे थेट लांबचा बिंदू देऊन टाकतो. तरीही चाक सुटल्यापासून चाक टेकेपर्यंत विमान कापतं ते अंतर ११३७ पेक्षा पन्नास ते शंभर किलोमीटर जास्त धरून चाला. हे सगळं मिळून हवेतला वेळ होतो साधारण एक तास चाळीस मिनिटं. चांगल्या दिवशी एक तास ३२-३५ मिनिटं, वाईट दिवशी एक तास ५५.

मग तिकिटावरचे उरलेले पस्तीस-चाळीस मिनिटं कुठे गेले? जमिनीवर.

तिकिटावरचा सुटण्याचा वेळ उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून ढकलायला सुरुवात होते, चाकाखालचे चॉक काढले जातात, तिथे घड्याळ सुरू होतं. आणि दिल्लीला जागेवर उभं राहून पुन्हा चॉक लागले की थांबतं. याला ब्लॉक टाइम म्हणतात. पायलटांचे ड्यूटीचे तास, कंपनीचं वेळापत्रक, सगळं याच वेळावर चालतं. ढकलणं आणि इंजिनं चालू करणं यात पाच-सात मिनिटं. मग टॅक्सी, म्हणजे विमानाने जमिनीवर चालत धावपट्टीपर्यंत जाणं. मुंबईत सकाळी आठच्या सुमाराला धावपट्टीपाशी आठ-दहा विमानं रांगेत ही नेहमीची गोष्ट आहे. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते. त्या एका पट्टीवर चोवीस तासांत हजाराच्या वर विमानांची ये-जा झाल्याचे दिवस आहेत. सांताक्रूझचं टर्मिनल असो की सहारचं, पट्टी तीच. दिल्लीत उलटं आहे: पट्ट्या चार, त्यामुळे रांग कमी, पण विमानतळ अवाढव्य. लांबच्या पट्टीवर उतरलात तर टर्मिनलपर्यंत पंधरा मिनिटं विमान नुसतं रस्त्यावरच्या बससारखं चालत राहतं.

मुंबईचे वीस, दिल्लीचे दहा-बारा, हवेतले शंभर. झाले दोन तास दहा. त्यावर कंपनी पाच-दहा मिनिटांच्या जादा वेळेची गादी घालते. यात लबाडी आहे असं मला वाटत नाही, थोडी सोय नक्की आहे. वक्तशीरपणाच्या आकडेवारीत १५ मिनिटांपर्यंतचा उशीर उशीर धरला जात नाही. वेळापत्रकात गादी आणि वर ही १५ मिनिटांची सूट, म्हणजे विमान वीस-पंचवीस मिनिटं रेंगाळलं तरी कागदावर वेळेवर. पहाटे पाचचं विमान दिल्लीला वीस मिनिटं आधी पोहोचतं आणि "वेळेआधी पोहोचल्याबद्दल" घोषणा होते, त्याचं रहस्य एवढंच. पहाटे रांग नव्हती, गादी शिल्लक राहिली.

अजून एक गैरसमज इथेच काढून टाकतो. विमान अर्धा तास उशिरा निघालं की प्रवासी म्हणतात, "वर गेल्यावर पायलट दाबेल." दाबून दाबून किती दाबणार? ध्वनीच्या वेगाच्या ७८ टक्क्यांऐवजी ८० टक्क्यांनी गेला तर वेग ४५० चा ४६२ नॉट होतो. पूर्ण वेगाचे ३७० मैल ४९ मिनिटांऐवजी ४८ मिनिटांत होतील. दीड मिनिटसुद्धा वाचत नाही, आणि इंधन उगाच जळतं. या मार्गावर वेळ भरून निघते ती कंट्रोलरने सरळ रस्ता दिला तर, किंवा गादीतून.

आता परतीच्या दहा मिनिटांकडे वळू. यात दोन कारणं आहेत आणि लोकांना एकच माहीत असतं: वारा.

हिवाळ्यात उत्तर भारतावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोत वाहतो, जेट स्ट्रीम. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या वर १०० नॉटचा वारा ही रोजची बाब, कधी त्याहूनही जास्त. मुंबई-अमेरिका प्रवासात हा झोत तासभर इकडे-तिकडे करतो. मुंबई-दिल्लीत तेवढा करत नाही, कारण आपण उत्तरेला जातोय आणि वारा बराचसा आडवा लागतोय. मघाचे २२ अंश इथे कामी येतात. १०० नॉटच्या पश्चिमी वाऱ्यातले जेमतेम ३८ नॉट पाठीमागून मिळतात, बाकीचे सुमारे ९३ डाव्या कुशीवर. आणि आडवा वारा फुकट जात नाही. मार्गावर टिकून राहायला विमानाला नाक वाऱ्याकडे वळवून धरावं लागतं, त्यात ४५० चे ४४० होतात. जाताना ४४० अधिक ३८, म्हणजे ४७८. येताना ४४० वजा ३८, म्हणजे ४०२. झोत मार्गाच्या उत्तरेकडच्या साधारण २५० मैलांतच जोरात असतो असं धरा. तेवढं अंतर बिनवाऱ्याचं ३३ मिनिटांत होतं, जाताना ३१ लागतात, येताना ३७. म्हणजे जाताना दोन मिनिटं मिळतात आणि येताना चार जातात. हे असमान वाटप सगळीकडेच असतं. एक म्हणजे आडव्या वाऱ्याचा भुर्दंड दोन्ही वेळा बसतो, आणि दुसरं म्हणजे समोरच्या वाऱ्यात विमान हळू जातं म्हणून त्या वाऱ्यात जास्त वेळ अडकतं.

तर वाऱ्याचे झाले सहा मिनिटं, तेही भर हिवाळ्यात. जूनपर्यंत हा झोत हिमालयाच्या पलीकडे सरकलेला असतो. तुमच्या प्रवासात वाऱ्यामुळे जाण्या-येण्यात फारसा फरक पडणार नाही. तरीही परतीच्या तिकिटावर दहा मिनिटं जास्त लिहिलेले आहेत, ते मुंबईच्या आकाशातल्या रांगेचे.

दिल्लीहून येणारं विमान नाशिक-सुरतच्या पट्ट्यात शिरलं की कंट्रोलर त्याला बाकीच्यांत ओवायला लागतो. दक्षिणेकडून बंगळूर-चेन्नईची, पूर्वेकडून हैदराबाद-कोलकात्याची, पश्चिमेकडून आखाताची विमानं त्याच एका पट्टीसाठी येत असतात. जागा नसली की होल्डिंग. ठरलेल्या बिंदूवर लांबट गोल चक्कर: एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ, पुन्हा वळण, पुन्हा सरळ. १४ हजार फुटांखाली एक चक्कर चार मिनिटांची, त्यावर असाल तर पाच. एकाखाली एक, हजार-हजार फुटांच्या अंतराने विमानं फिरत असतात, खालचं सुटलं की वरचं एक पायरी खाली. खिडकीतून तोच डोंगर, तेच धरण तिसऱ्यांदा दिसलं की समजा, तुम्ही होल्डिंगमध्ये आहात. ए-३२० अशा वेळी मिनिटाला साधारण ४० किलो इंधन पितं. म्हणून मुंबईकडे येणाऱ्या विमानात आम्ही वीस मिनिटांचं इंधन हक्काने जास्त घालायचो, पावसाळ्यात तीस-चाळीसचं. ते संपत आलं की कॅप्टनला अहमदाबाद किंवा दुसऱ्या पर्यायी विमानतळाचा रस्ता धरावा लागतो. प्रवाशांचा सगळा राग तेव्हा कॅप्टनवर निघतो, पण त्याच्या हातात किमान इंधनाचा आकडा असतो आणि त्या आकड्याखाली त्याला थांबता येत नाही.

या चकरांनी इतका वैताग आणला की फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने मुंबईला गर्दीच्या तासांतली विमानं ४६ वरून ४४ वर आणायला लावली. ऐकायला दोनच कमी, पण एका पट्टीवर दोनाने रांगेची शेपटी बरीच आखडते. दुसरा उपाय म्हणजे दिल्लीलाच थांबवणं. दार बंद झालंय, सगळे पट्टे बांधून बसलेत आणि विमान हलत नाही, अशी वीस मिनिटं तुम्ही कधीतरी काढली असतील. मुंबईला पोहोचण्याची जागा मोजून तुमच्या विमानाला उड्डाणाचा नेमका वेळ दिलेला असतो, त्याआधी निघता येत नाही. वर चकरा मारण्यापेक्षा खाली इंजिनं बंद ठेवून बसणं स्वस्त, एवढा साधा हिशोब आहे.

हिवाळ्यात हे वाचणाऱ्यांसाठी एक वाक्य: डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं मध्यरात्रीनंतर दाटतं आणि नऊ-दहाला विरळ व्हायला लागतं, तेव्हा दुपारी बारा ते पाचमध्ये दिल्लीला उतरणारं विमान घ्या, पहाटेचं टाळा.

आता लेह. दिल्ली ते लेह सुमारे ६२० किलोमीटर, जवळजवळ सरळ उत्तरेला, ब्लॉक टाइम दीड तासाच्या आतबाहेर. अंतर किरकोळ. अडचण लेहच्या धावपट्टीची आहे. ती समुद्रसपाटीपासून सव्वातीन हजार मीटरवर, दरीत, चारी बाजूंनी डोंगर. दुपारी ऊन तापलं की विरळ हवा आणखी विरळ होते, इंजिनाचा जोर आणि पंखांचा उचल दोन्ही कमी पडतात, शिवाय दरीत वारा सुटतो. म्हणून लेहची विमानं जवळजवळ सगळी सकाळी. सकाळचं चुकलं तर संध्याकाळचं मिळेल हा मुंबई-दिल्लीतला हिशोब तिथे लागू नाही. चुकलं म्हणजे दुसऱ्या दिवशी, आणि जूनमध्ये दुसऱ्या दिवशीची जागा मिळेलच असं नाही.

तुमचा दीड तास मोजून बघा. तिकिटं वेगळी, म्हणजे दिल्लीला सामान घेऊन बाहेर यायचं आणि पुन्हा नव्याने चेक-इन. काउंटर साधारण एक तास आधी बंद होतो. उरला अर्धा तास. विमान अगदी वेळेवर जागेवर लागलं तरी मागच्या रांगेतून उतरायला दहा-पंधरा मिनिटं, पट्ट्यावर बॅग यायला वीस-पंचवीस. अर्धा तास इथेच संपला. त्यात पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवरून असेल तर टर्मिनल तीन ते टर्मिनल एक हा रस्त्याने जायचा प्रवास आहे, पायी नाही. आणि पंधरा मिनिटं उशीर झाला तर तो उशीर धरत नाहीत, हे मघाशी पाहिलंच.

एकाच पीएनआरवर दोन्ही उड्डाणं असतील तर सामान थेट लेहपर्यंत टॅग होतं आणि पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय बघणं कंपनीवर येतं. मग दोन तासांतही भागतं. वेगळीच तिकिटं काढायची असतील तर किमान चार तास ठेवा. सकाळच्या लेहसाठी चार तास आधी दिल्ली म्हणजे मुंबईहून रात्री निघणं आलं. माझं मत विचाराल तर आदल्या संध्याकाळी दिल्ली गाठा आणि विमानतळालगतच्या एरोसिटीत किंवा महिपालपुरात झोपा. आदल्या संध्याकाळच्या विमानात एकच लक्ष ठेवायचं: मे-जूनमध्ये दिल्लीला दुपारनंतर आंधी येते, धुळीचं वादळ आणि मागोमाग गडगडाट. अर्धा-पाऊण तास सगळं ठप्प होतं, काही विमानं जयपूरला वळतात. म्हणून रात्री उशिराचं शेवटचं विमान धरू नका, संध्याकाळी वळवलेलं विमान रात्री परत दिल्लीला येण्याइतकी सवड हाताशी असू द्या.

परतीला सोपं आहे. लेहहून सकाळी निघून दिल्लीला दुपारच्या आत याल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यानंतर मुंबईला पाऊस सुरू झालेला असेल, आणि संध्याकाळी सहा ते दहा ही वेळ मुंबईला सगळ्यात गर्दीची. दिल्लीहून एक-दीडला निघून चारच्या आधी मुंबईत उतरणारं विमान मिळालं तर दोनशे-चारशे रुपये जास्त गेले तरी तेच घ्या.